आधी किट, मग पाडा

फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोली गावी एका पोल्ट्रीतले शंभरेक पक्षी मेले. नमुने तपासणीला गेले, एच५एन१ बर्ड फ्लूचं निदान झालं आणि जिल्हा प्रशासनानं एक किलोमीटरच्या परिघातले हजारो पक्षी नष्ट करण्याचा आदेश काढला. बातम्या आल्या त्या मेलेल्या पक्ष्यांच्या आकड्यांच्या. मला महत्त्वाचा वाटला तो हे काम करणाऱ्या माणसांसाठी आधीच लिहून ठेवलेला कागद. बर्ड फ्लूसाठी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाचा कृती आराखडा आहे. पक्षी मारणाऱ्या पथकानं कोणता पोशाख घालायचा, काम संपल्यावर तो कसा उतरवायचा, त्याची विल्हेवाट कशी लावायची, हे त्यात आहे. पथकातल्या माणसांना विषाणूविरोधी औषध द्यायचं आणि काम उरकल्यावरही दहा दिवस त्यांच्या तब्येतीवर लक्ष ठेवायचं, हेही आहे. साथ कुठल्या गावात येणार हे कुणालाच ठाऊक नसताना हा कागद तयार असतो. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. ही शिस्त बसत गेली ती तेव्हापासून.

याच तालुक्यात दोन वर्षं मागे जाऊ. मार्च २०२० संपता संपता, कोरोनाच्या टाळेबंदीत, मुंबई-नाशिक महामार्गावरून माणसांचे जथे कसारा घाटाच्या दिशेनं पायी निघाले होते. वीटभट्ट्यांवर गेलेली कातकरी कुटुंबं पाड्यांवर परतत होती. मुंबईत, भिवंडीत, कल्याणला कामाला असलेली पोरं घरी येत होती. कोण कुठून आलं, कुणाला ताप-खोकला आहे, कोण चौदा दिवस घरात बसलं आहे आणि कोण बाहेर फिरतंय, हे विचारत दारोदार जायचं काम आलं आशाताईंकडे, अंगणवाडी सेविकांकडे, उपकेंद्रातल्या नर्सबाईंकडे. त्यांनी अंगावर काय घालून जायचं, याचा केंद्राचा कागद मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निघाला, म्हणजे काम सुरू झाल्यावर. गावपातळीवर सर्वेक्षण करणाऱ्यांसाठी त्यात तीन पदरी मास्क आणि हातमोजे सांगितले होते, आणि मीटरभर अंतर. तेवढंही वेळेवर आणि पुरेसं मिळत नाही, असं आशांच्या संघटना राज्यभरातून सांगत होत्या.

कोंबडी मारायला जाणाऱ्याचा धोका ज्या सरकारला आधी दिसला, त्याच सरकारला माणसाच्या दारात उभ्या राहणाऱ्या बाईचा धोका उशिरा दिसला, आणि तोही अर्धाच. मला यात कुणा अधिकाऱ्याचा दुष्टपणा दिसत नाही. पोल्ट्रीत शिरणारं पथक डोळ्यांसमोर धोक्यात शिरतं. त्याचं काम आणि त्याचा धोका एकाच वेळी नजरेस येतात. आशाताई मात्र त्याच वाटेनं, त्याच घरी, तीच वही घेऊन वर्षानुवर्षं जातच असते. साथ आली तरी वरून पाहणाऱ्याला तिचं काम तेच वाटतं. बदललेली असते ती फक्त त्या घरातली हवा, आणि ती वरून दिसत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की कर्मचाऱ्याचं संरक्षण ही साथ आटोक्यात आणण्याची पहिली पायरी आहे. ती साथ नसतानाच बांधून ठेवावी लागते: कागदावर, कोठारात, आणि शहापूर-मुरबाडसारख्या भागात पाण्याच्या टाकीतही. साथ सुरू झाल्यावर सुचलेली माया कितीही खरी असली, तरी उशिरा पोचते.

पाण्याचं नाव मी मुद्दाम घेतलं. शहापूर तालुक्यातली भातसानगर ही वसाहत भातसा धरणामुळे वसली. मुंबईला रोज मिळणाऱ्या पाण्यात जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसेचा आहे. तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा हीही याच पट्ट्यातली धरणं. २०२० च्या उन्हाळ्यात अख्खी मुंबई साबणानं वीस-वीस सेकंद हात धूत होती, ते पाणी इथून जात होतं. ते जात राहावं म्हणून धरणावर, जलविद्युत केंद्रावर, पिसे इथल्या पंपांवर आणि पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रावर माणसं पाळीपाळीनं कामावर हजर होती. घरून करता येईल असं हे काम नाही. अशा ठिकाणी नेमकं यंत्र जाणणारी माणसं मोजकीच असतात. त्यातली चार-पाच एकदम तापानं आडवी झाली, तर शंभर किलोमीटरवरच्या रुग्णालयाचा नळ कोरडा पडू शकतो. ही माणसं कोविडच्या चर्चेत कुठेच नव्हती. वीज कर्मचाऱ्यांचीही तीच गत. लसीकरण सुरू होऊन चार महिने उलटल्यावर, मे २०२१ मध्ये, आपल्याला फ्रंटलाइन कर्मचारी माना आणि लस द्या, या मागणीसाठी राज्यातल्या वीज कामगारांना आंदोलन करावं लागलं.

याच तालुक्यात उन्हाळा आला की कितीतरी गावपाड्यांना टँकरनं पाणी द्यावं लागतं. धरणाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावरच्या पाड्यांतही बायका डोक्यावर हंडे घेऊन चढण चढताना दिसतात. आता एप्रिल-मे महिन्यातल्या आशाताईचा विचार करा. दिवसभर तापाची घरं फिरून ती आपल्या पाड्यावर येते. सूचना सांगते: घरात शिरण्यापूर्वी आंघोळ करा, कपडे गरम पाण्यात भिजवा, मग मुलांजवळ जा. त्यासाठी दोन हंडे तरी जादा पाणी लागतं. ते कुणी आणायचं? सकाळी विहिरीवर जाऊन तिनंच, किंवा तिच्या मुलीनं. आंघोळ कुठे करायची? एका खोलीच्या घरात न्हाणी मागच्या दारी असते, म्हणजे घर ओलांडूनच तिथे जायचं. सासूला दमा असेल, पोर अंगावर पीत असेल, तर ती अंगणात किती वेळ उभी राहणार? कोविड काळात आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संरक्षणावर जेवढी चर्चा झाली, ती बहुतेक अतिदक्षता विभाग आणि पीपीई किट यांच्याभोवती फिरली. पाड्यावर राहणाऱ्या आशाताईचं संरक्षण अडतं ते न्हाणी, हंडा आणि कपडे बदलायच्या खोलीपाशी. हे मुंबईच्या कार्यालयात बसून सुचणारं नाही. इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात बसून पाच आशाताईंना विचारलं असतं तर पहिल्या दिवशी कळलं असतं.

मीटरभर अंतराचंही असंच. १५ सप्टेंबर २०२० ला राज्यानं ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू केली. एक आरोग्य कर्मचारी आणि दोन स्वयंसेवक असं पथक, आणि दिवसाला पन्नास घरं. प्रत्येक माणसाचा ताप पाहायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, मधुमेह-रक्तदाबाची विचारपूस करायची. ऑक्सिमीटर लावायला हात पुढे करावाच लागतो, आकडा स्थिर होईपर्यंत थांबावं लागतं. कुडाच्या, खिडकी नसलेल्या घरात चूल पेटलेली असते, म्हातारं माणूस आत खाटेवर असतं. एका घराला दहा मिनिटं धरली तरी पन्नास घरांना आठ तासांहून जास्त वेळ होतो, आणि त्यात एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जायची चाल धरलेली नाही. सोसायटीत एका जिन्यावर वीस दारं असतात. इथे दोन घरांमध्ये ओहोळ असतो, मुरबाडकडे माळशेजच्या पायथ्याला तर मधे डोंगराची धार असते. मोहिमेचा हेतू चांगला होता, तिच्यातून लपलेले रुग्ण सापडले याबद्दल मला शंका नाही. पण पन्नास घरांचा आकडा ठरवताना त्या माणसाच्या फुप्फुसांत दिवसभरात किती परकी हवा जाणार, हा हिशेब कुणी मांडलेला दिसत नाही. पाड्यांवर पंचवीस घरं हेच लक्ष्य ठेवलं असतं, विचारपूस अंगणात करायची असा नियम केला असता, तर मास्कशिवायही धोका खूप कमी झाला असता. कामगार-सुरक्षेच्या शास्त्रात हा क्रम जुना आहे: आधी धोका कमी होईल अशी कामाची मांडणी बदला, मग मास्क-हातमोज्यांकडे वळा. आपण उलट करतो. कामाला हात लावत नाही, मास्क वाटतो, आणि मास्क संपला की शाबासकी देतो.

आता पैशाचं बोलू, कारण सरकारला कर्मचाऱ्याचा जीव कधी मोलाचा वाटतो ते तिथे स्पष्ट दिसतं. ३० मार्च २०२० पासून प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेजखाली आरोग्य कर्मचाऱ्यांना ५० लाखांचा विमा लागू झाला, आणि त्यात आशाही होत्या. ही गोष्ट चांगली झाली. ज्या घरांना रक्कम मिळाली त्यांचा आधार टिकला. पण या विम्यात होता तो मृत्यू. आजारपण नव्हतं, रुग्णालयाचा खर्च नव्हता, चौदा दिवस घरी बसावं लागलं तर बुडणारा मोबदला नव्हता. आशाताईला कामावर आधारित मोबदला मिळतो. ती आजारी पडली की काम थांबतं आणि कामाबरोबर पैसाही. कोविडच्या कामासाठी केंद्रानं तिला महिन्याला एक हजार रुपये जादा ठरवले, म्हणजे दिवसाला ३३ रुपये. जून २०२१ मध्ये राज्यभरातल्या आशा संपावर गेल्या, तेव्हा राज्य सरकारनं हजार रुपयांची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता कबूल केला. राज्याच्या इतर कर्मचाऱ्यांसाठी २०२० मध्ये निघालेल्या ५० लाखांच्या निर्णयातही, आजारी पडण्यापूर्वीच्या चौदा दिवसांत तो माणूस कोविडच्या कामावर हजर असल्याचं सिद्ध व्हावं लागे. नवरा गेलेल्या बाईनं किंवा आई गेलेल्या मुलानं हजेरीपटाच्या नकला घेऊन कार्यालयाच्या पायऱ्या चढायच्या. अशा अटीमागचं कारण समजू शकतं, सरकारी तिजोरीला पुरावा लागतोच. पण ताप आल्यावर भरपगारी रजा आणि तोंडाला लावायला एक चांगला मास्क द्यायला कुणी विधवा होण्याची वाट पाहावी लागत नाही.

विम्यापाठोपाठ आणखी एक संरक्षण आलं होतं, तेही लक्षात घेण्यासारखं आहे. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ले होऊ लागले तेव्हा २२ एप्रिल २०२० ला, टाळेबंदीला महिना होण्याआधीच, १८९७ च्या साथरोग कायद्यात अध्यादेशानं दुरुस्ती झाली. हल्ला करणाऱ्याला तीन महिने ते पाच वर्षं कैद. ते योग्यच होतं, गावोगाव आशाताईंना शिव्या खाव्या लागत होत्या. पण जे सरकार लोकांच्या दगडापासून आपला माणूस वाचवायला महिन्याच्या आत कायदा बदलू शकतं, त्याला स्वतःच्या हलगर्जीपणापासून त्याच माणसाला वाचवायला एक कलम सुचलं नाही. जो अधिकारी मास्कशिवाय, पाण्याशिवाय, विश्रांतीशिवाय कर्मचाऱ्याला तापाच्या घरी पाठवेल, त्याची जबाबदारी कुठली, याबद्दल तो कायदा आजही गप्प आहे.

त्या कायद्याचं वय आठवलं की १८९६ आठवतंच. सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांना प्लेगचे रुग्ण सापडले आणि मुंबई हादरली. पालिकेनं सक्तीनं रुग्ण उचलून इस्पितळात न्यायला सुरुवात केली. शहरात घबराट पसरली, माणसं गावाकडे पळू लागली. तेव्हाचे महापालिका आयुक्त स्नो यांना सर्वांत जास्त धास्ती एका गोष्टीची होती: मैला उचलणारे आणि रस्ते झाडणारे कामगार मुंबई सोडून गेले तर शहर राहण्याजोगं उरणार नाही. त्यांना थोपवण्यासाठीही सक्तीची धार कमी करण्यात आली. ज्यांना माणूस म्हणून कुणी जवळ उभं करत नव्हतं, त्यांच्या पायांवर अख्खं शहर उभं आहे, हे पालिकेला समजलं ते ते पाय निघण्याची भीती वाटल्यावर. कामगारांची किंमत त्यांच्या जाण्याच्या भीतीतून कळणं ही आपली जुनी सवय आहे. आशांना जे काही मिळालं ते संपातून, मोर्चांतून मिळालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या ठाण्याहून चालत आझाद मैदानावर गेल्या, त्यानंतर मार्चमध्ये पाच हजारांची वाढ झाली. पाच हजारांचा आनंदच आहे. संरक्षण मात्र मोर्चाची वाट पाहू शकत नाही, कारण मोर्चाचं फळ मिळेपर्यंत साथ थांबत नाही.

त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी आपले दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात आणलं आणि त्यांनाच लागण झाली. १० मार्च १८९७ ला त्यांनी देह ठेवला. महाराष्ट्रात सेवेबद्दल बोलताना हे नाव येतंच आणि यायलाच हवं. पण या मृत्यूतून आपण काय शिकलो, हे विचारायची वेळ आली आहे. त्या काळी प्लेग पिसवांमधून पसरतो हे सिद्ध झालेलं नव्हतं, लस नुकतीच तयार होत होती, सावित्रीबाईंपाशी स्वतःला वाचवायचं साधनच नव्हतं. आज साधन आहे. ज्ञान असताना, कारखाने असताना, वाटायला यंत्रणा असताना एखादी आशाताई साडीच्या पदराचा मास्क करून तापाच्या घरात शिरत असेल, तर तिच्या त्यागाची तुलना सावित्रीबाईंच्या त्यागाशी करून आपण आपलं अपयश झाकतो. सेवेला व्रत म्हणणाऱ्यांचा मला आदर आहे. व्रत घ्यायचा हक्क मात्र ते घेणाऱ्याचा. दुसऱ्यानं ते तिच्या गळ्यात घालू नये. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांवर आशांचा जागतिक पुरस्कारानं गौरव केला. ज्या बायांचा जगानं गौरव केला, त्या आपल्या सरकारी व्याख्येत अजून ‘स्वयंसेविका’ आहेत. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेनं अशा योजना कर्मचाऱ्यांना कामगार मानावं, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली होती. ती तशीच पडून राहिली. आणि गंमत नव्हे, खेद वाटावा असं हे, की १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं तेव्हा याच आशा आणि अंगणवाडी सेविका ‘आरोग्य कर्मचारी’ म्हणून पहिल्या यादीत होत्या. लस टोचायची वेळ आली तेव्हा सरकारला त्यांची नावं, गावं, मोबाइल नंबर सगळं सापडलं. यादी करता येते. इच्छा असेल तर काही आठवड्यांत होते.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे, तो बाजूला सारता येणार नाही. नवीन आजाराच्या सुरुवातीला कुणालाच काही माहीत नसतं. कोरोना हवेतून किती पसरतो यावर तज्ज्ञांत एकमत व्हायलाही बराच काळ गेला. मग सरकारनं कुठलं संरक्षण द्यायचं? याचं उत्तर कॅनडानं जीव देऊन शोधलं. २००३ च्या सार्स साथीत टोरांटो भागात मोठ्या संख्येनं आरोग्य कर्मचारीच आजारी पडले, दोन परिचारिका आणि एक डॉक्टर मरण पावले. न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांच्या आयोगानं त्याची चौकशी केली आणि २००६ च्या अहवालात एक तत्त्व ठामपणे मांडलं: धोका कमी करायला वैज्ञानिक खात्रीची वाट पाहू नका. कळत नसेल तेव्हा जास्तीचं संरक्षण द्या, कळल्यावर कमी करा. आपण २०२० मध्ये याच्या उलट चाललो. हवेतून पसरतो हे सिद्ध झालेलं नाही, म्हणून गावच्या माणसाला तीन पदरी मास्क पुरे, असं ठरवलं. अज्ञानाचा फायदा विषाणूला दिला.

दुसरा आक्षेप ऐपतीचा. टोरांटो कुठे आणि आपल्या शहापूरचं टाकीपठार कुठे, असं कुणी म्हणेल. म्हणून केरळकडे पाहू. मे २०१८ मध्ये कोझिकोड जिल्ह्यातल्या पेरांब्रा तालुका रुग्णालयात लिनी पुतुस्सेरी या परिचारिकेनं निपाहच्या पहिल्या रुग्णाची शुश्रूषा केली. रोगाचं नावही तेव्हा कळलेलं नव्हतं. २१ मे रोजी त्या गेल्या. ते तालुक्याचंच सरकारी रुग्णालय होतं, आपल्या शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयासारखं, जिथे खोकणारा रुग्ण, त्याचे नातेवाईक आणि कर्मचारी एकाच बोळात असतात. त्या साथीत बहुतेकांना लागण रुग्णालयांतच झाली. केरळनं त्यानंतर आजाराचं नाव कळण्याची वाट न पाहता खबरदारी घेण्याची, तापाचे रुग्ण वेगळे काढण्याची शिस्त लावली. २०१९ ला एर्नाकुलममध्ये आणि २०२१ ला पुन्हा कोझिकोडमध्ये निपाह आला, तेव्हा तो एका-एका रुग्णापाशीच थांबला, कर्मचाऱ्यांत पसरला नाही. तेच राज्य, तशीच रुग्णालयं. फरक पडला तो आधी ठरवून ठेवण्यानं. जून २०२५ मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं कामाच्या ठिकाणच्या जैविक धोक्यांवर स्वतंत्र करार मंजूर केला. जगात याबद्दलचा विचार आता कायद्याच्या भाषेपर्यंत आला आहे. आपण अजून टाळ्या आणि प्रशस्तिपत्रकांपाशी आहोत.

मग शहापूर-मुरबाडसाठी काय हवं? मोठ्या योजनेची वाट पाहू नये, असं मला वाटतं. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात एक आराखडा हवा, बर्ड फ्लूच्या आराखड्याइतका सरळ. त्यात प्रत्येक आरोग्य केंद्राखाली दाराशी जाणारी, पाण्यावर काम करणारी, कचरा उचलणारी, टँकर चालवणारी, वायर जोडणारी माणसं नावानिशी असावीत, कायम, कंत्राटी, मानधनावरची सगळी. त्यांच्यासाठी तीन महिने पुरेल एवढा मास्क-हातमोज्यांचा साठा जिल्ह्याला न ठेवता आरोग्य केंद्रात ठेवावा, कारण पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की जिल्ह्याचा साठा पाड्याच्या उपयोगाचा नसतो. कावीळ ‘बी’ची लस सगळ्यांना टोचलेली असावी. भातलावणीच्या आणि पुराच्या दिवसांत लेप्टोचा धोका असतो. चिखलात काम करणाऱ्यांना डॉक्टरच्या सल्ल्यानं प्रतिबंधक औषध मिळावं, तशी पद्धत २०१८ च्या पुरात केरळनं राबवली होती. प्रत्येक उपकेंद्रात एक न्हाणी, एक पाण्याची टाकी आणि कपडे बदलायची बंद खोली हवी. ग्राम आरोग्य समितीला वर्षाला दहा हजारांचा अबंधित निधी मिळतो. त्यातून टाकी होईल, न्हाणी होणार नाही, तिथे ग्रामपंचायतीनं पुढे यावं. आश्रमशाळांच्या इमारती साथीत रिकाम्या असतील तर त्यातल्या एक-दोन खोल्या घरी म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असलेल्या कर्मचाऱ्यांना राहायला द्याव्यात. आणि आजारी पडलेल्याला पूर्ण मोबदल्यासह रजा. एवढं केलं तर क्षयरोगाच्या रोजच्या कामातही त्यांचं रक्षण होईल, जिथे थुंकीचे नमुने गोळा करणाऱ्या आशाताईकडे कुणीच साथीच्या नजरेनं पाहत नाही.

यात कर्मचाऱ्याचं भलं आहेच, पण पाड्याचंही आहे. दर दिवशी दहा घरांत शिरणारी, बाळंतिणीजवळ बसणारी, तान्ह्याचं वजन करणारी माणसं आजारी पडली तर आजार त्यांच्याच पावलांनी पुढच्या पाड्यावर जातो. डोंगरातल्या वस्त्यांना बाहेरच्या जगाशी जोडणारा दुवा तीच माणसं असतात. ठाकूर-कातकरी वस्त्यांवर कुपोषण, हिवताप, क्षय आधीच आहेत. तिथे बाहेरून आलेला नवा आजार किती नुकसान करील याची कल्पना इथल्या कुठल्याही आरोग्यसेवकाला आहे.

शेवटची मागणी सगळ्यांत अवघड, आणि माझ्या मते सगळ्यांत गरजेची: किट मिळालं नसेल तर तापाच्या घरात न शिरण्याचा अधिकार. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या करारात, जिवावरचा धोका समोर दिसत असताना कामातून मागे होणाऱ्या माणसाला शिक्षा करता येत नाही, हे तत्त्व आहे. कुणी विचारेल, मग त्या घरातल्या म्हातारीचं काय? तिला कुणी पाहायचं? प्रश्न खरा आहे, आणि तो आशाताईला विचारायचा नाही, कोठाराची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला विचारायचा आहे. आज हा प्रश्न आशाताईच्या अंगावर टाकला जातो. ती बिचारी म्हातारीचं तोंड पाहून आत जाते, आणि कोठारातला साठा कमी असल्याची नोंद कुठेच होत नाही. तिला थांबायचा अधिकार दिला, तर ती ज्या दिवशी थांबेल त्याच दिवशी तालुक्याला कळेल की साठा संपला आहे. नकाराची ती नोंद आरोग्य केंद्राच्या वहीत तारीख-वेळेसह व्हावी, त्याच संध्याकाळी वैद्यकीय अधिकाऱ्याची तिच्यावर सही व्हावी, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत किट पाड्यावर पोचलं नाही तर ती वही तहसीलदारांच्या टेबलावर असावी.